ढवळायचं नाही

मारिबेल सांगून गेली होती,
व्हिनेगर घातलं की डाव खाली ठेवायचा.
आधी उकळू दे. त्याच्या डोक्यातलं जाऊ दे.
मध्येच ढवळलंस तर कच्चं राहतं,
मग कितीही शिजव, जिभेला चावत बसतं.

हॉस्पिटलच्या लाँड्रीत आम्ही दोघी नऊ वर्षं
चादरीची दोन टोकं धरून समोरासमोर.
ती इलोइलोची, मी इस्लामपूरची.
घडी घालताना जवळ यायचं, पुन्हा लांब जायचं,
आणि जवळ आलं की एकेक वाक्य.
तिचा अख्खा अडोबो मी असा शिकले,
साधारण चाळीस चादरींत.

आज तोच घातलाय.
कोंबडीच्या तंगड्या, कातडीसकट.
सोया सॉस. लसणाचा अख्खा गड्डा, ठेचून.
सबंध मिरी. तमालपत्रं दोन.
तिच्या गावचं उसाचं व्हिनेगर इथं कुठून मिळणार,
म्हणून आपलं तपकिरी, माशांवर शिंपडतात ते.
त्यामुळे घराला आत्ता
समुद्रावरच्या चिप्सच्या दुकानाचा वास आहे,
आणि धुराचा अलार्म बोंबलू नये म्हणून
त्याला मी अंघोळीची टोपी घातली आहे.

वरच्या खोलीत शाल्मली.
गुरुवारी रात्री एडिनबराहून आली,
दोन बॅगा, आणि ट्रेनभर मांडीवर धरलेली एक कुंडी.
शनिवार-रविवारसाठी कुणी कुंडी आणत नाही.
मी काही बोलले नाही.
म्हणजे, जेवलीस का, बोलले.
हीटर वाढवू का, बोलले.
कॅलम कसा आहे, हे ओठांपर्यंत आलं
ते चहाच्या घोटाबरोबर गिळलं. भाजलं.

मला ढवळायची फार सवय.
आमटी असो, पोहे असोत, पोरीचं आयुष्य असो,
डाव हातात आला की स्वस्थ बसवत नाही.
कोणता कोर्स घ्यावा, केस किती कापावेत.
पहिल्याच भेटीत त्या मुलाला मी पगार विचारला होता.
आई, ही ढवळाढवळ बंद कर, म्हणाली होती,
आणि फोन ठेवला होता,
आणि मार्च, एप्रिल आमच्यात नुसतं हवामान.
संडरलँडला वारा.
एडिनबराला पण.

तर उभी आहे ओट्याशी, हात पाठीमागे बांधून,
वर्गाबाहेर काढल्यासारखी.
झाकण थडथडतंय.
वाफ नाकात जाते, डोळ्यांना पाणी येतं,
ते व्हिनेगरचंच आहे.

जिना वाजतो. मोजे.
पाचवी पायरी, जी कुरकुरते.
"हे काय, चिप्स आणलेस?"
झाकण उचलून ती वास घेते.
डोळे सुजलेले, केस कसेही.
मग डाव उचलते, मी बाजूला सरते,
आणि ती ढवळते.
तळापासून, मनगटाला जोर देऊन, थेट माझ्यासारखी.

अगं थांब, अजून गेलं नाही त्याचं!
हे मी मनात ओरडले.
मारिबेलच्या हातून चादर सुटली असती.

"फिकं आहे," ती म्हणते. "तो लाल डबा कुठंय?"
वरच्या फळीवर, तीन पिशव्यांत गुंडाळलेला
गावाकडचा कांदा-लसूण मसाला.
अडोबोत त्याचं काय काम?
मी काढून दिला.
अर्धा चमचा. मग थोडा विचार करून अजून अर्धा.
रंग बदलला. आता ह्याला काय म्हणायचं
ते ना इलोइलोला कळेल ना इस्लामपूरला.

डाव ती कडेला आपटते.
"त्यानं तिला पाणी घातलं नसतं," म्हणते,
मधूनच, जणू आधीचं सगळं सांगून झालंय.
"कुंडीला. म्हणून आणली."

मी गॅस बारीक करते.
भात लावायचा राहिलाय.
तांदूळ धुवायला घेते. पाणी गढूळ.
दुसरं पाणी. तिसरं.
ती बोलतेय.